तेल किती आहे, ते आपणच बघू

(बायकांनी आपली दुचाकी स्वतः सांभाळावी, यासाठी घेतलेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषणाचा हा मजकूर. भाषण प्रात्यक्षिकासह झाले. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

समोर स्कूटर उभी आहे. तिच्याखाली जुनं घमेलं ठेवलंय, शेजारी नव्या तेलाची बाटली आहे. तासाभरात आपण हिचं जुनं तेल काढणार आणि नवं घालणार. पण गाडीला हात लावण्याआधी थोडं बोलायचं आहे. बायकांच्या संघटनेच्या शिबिरात इंजिन ऑइल कशाला, असं सकाळी नाव नोंदवतानाच काही जणींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देते.

दुचाकीनं आपल्याला काय दिलं, हे इथे कुणाला सांगायला नको. १९७२ साली लूना आली. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तिला ना किक मारावी लागे ना गिअर टाकावा लागे. नव्वदच्या दशकात स्कूटी आली, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली. पुण्यासारख्या शहरात तर बाई आणि दुचाकी हे समीकरणच होऊन गेलं. आता तालुक्याच्या गावात शिक्षिका, नर्सताई, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, बँकेतल्या मुली, सगळ्या गाडीवरून फिरतात. एसटीची वाट बघायची नाही, कुणी सोडायला येतंय का म्हणून ताटकळायचं नाही. रात्रीची बैठक लांबली तरी आपलं आपण घरी जायचं.

आता जरा हात वर करा. किती जणींकडे गाडी आहे? (जवळजवळ सगळे हात वर.) आणि तुमच्या गाडीचं तेल शेवटचं कधी बदललं, ते किती जणींना सांगता येईल? (चार हात.) बाकीच्या गाड्यांचं कोण बघतं? नवरा, भाऊ, मुलगा, नाहीतर गॅरेजवाला दादा. म्हणजे गाडी चालवतो आपण, पण तिची प्रकृती ठाऊक आहे दुसऱ्याला. तो म्हणाला "गाडी आठ दिवस लागेल," की आठ दिवस आपण पायी. तो म्हणाला "इंजिन काम काढावं लागेल," की आपण पैसे काढून ठेवायचे. त्यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं मी म्हणत नाही. पण खरं काय आणि खोटं काय, ते तपासायचं साधन आपल्याकडे नाही, हे मात्र खरं. माझं आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्यावर आहे. तपासता येणं.

कुणी म्हणेल, यंत्र हा आपला प्रांत नाही. हे मला पटत नाही. घरात शिवणयंत्र असलेल्या किती तरी आया-आज्या होत्या. त्या यंत्राच्या प्रत्येक भोकात दोन दोन थेंब तेल सोडायच्या, चिंधी ठेवून ते चालवून बघायच्या, जास्तीचं तेल पुसून घ्यायच्या. पट्टा ढिला झाला तर तो कापून पुन्हा जोडायच्या. कुकरची शिट्टी कुठे अडकते, रिंग कधी बदलायची, हेही बायकांनाच कळतं. पण त्याला कुणी यंत्राचं ज्ञान म्हणत नाही. ते "घरकाम" झालं. तेच तेल, तीच रिंग रस्त्यावरच्या टपरीत गेली की तिचं "मेकॅनिकचं काम" होतं आणि त्याला दाम मिळतो.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "ताई, आधीच स्वयंपाक आमच्याकडे, मुलांचा अभ्यास आमच्याकडे, सासूबाईंची औषधं आमच्याकडे. आता गाडीचं तेलही आम्हीच बदलायचं का?" नाही. दर वेळी तुम्हीच बदला असं मी सांगत नाहीये. एकदा स्वतःच्या हातानं बदला, म्हणजे आत काय आहे ते कळेल. पुढे खुशाल पैसे देऊन करून घ्या. मात्र दर पंधरा दिवसांनी तेलाची काडी काढून बघणं, एवढं आपलं आपण ठेवा. त्याला पाच मिनिटं लागतात. आणि घरातला मुलगा गाडी शिकत असेल, तर त्यालाही पोळ्या लाटायला आणि तेल मोजायला एकदमच शिकवा. काम वाटून घ्यायचं तर दोन्हीकडून.

आता गाडीकडे या. जवळ या, लांबून दिसणार नाही. ओढण्या आणि पदर खोचून घ्या, अंगठ्या काढून ठेवा. सायलेन्सरला हात लावू नका, पोटरीवर त्याचे डाग इथे बऱ्याच जणींच्या आहेत.

आधी तेल करतं काय ते समजून घेऊ. इंजिनात लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचे भाग एकमेकांवर मिनिटाला हजारो वेळा घासतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते झिजत नाहीत. तेच तेल आतली उष्णता वाहून नेतं आणि काजळीही धरून ठेवतं. लूनाच्या काळात गोष्ट वेगळी होती. तेव्हा तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, पंपावर आधी "तेल किती टाकू?" असं विचारायचे. ते पेट्रोलबरोबर जळून जायचं, मागून निळा धूर निघायचा. त्यामुळे बदलायचा प्रश्नच नव्हता. आताच्या स्कूटर फोर-स्ट्रोक आहेत. तेल इंजिनाच्या तळाशी साठलेलं असतं आणि तेच तेच फिरत राहतं. म्हणून ते मोजावं लागतं आणि ठरावीक काळानं बदलावं लागतं. आई-मावशीनं आयुष्यभर लूना चालवली, कधी तेल बदललं नाही, असं काही जणी सांगतात. ते खरं आहे, पण ते त्या गाडीला लागू होतं.

आता मोजू या. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर गाडी कललेली असते, तेल एका बाजूला जातं आणि माप चुकतं. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं तेल खाली उतरेल. आता ही काळी टोपी उघडा. तिलाच आतून काडी आहे. गॅरेजात हिला डिपस्टिक किंवा गेज म्हणतात. काडी फडक्यानं कोरडी पुसा. फडकं स्वच्छ आणि दोरे न सुटणारं हवं. काडी परत आत घाला, बाहेर काढा आणि बघा. खाली एक खूण आहे, वर एक खूण आहे. तेल या दोन्हींच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. अ‍ॅक्टिव्हासारख्या होंडाच्या स्कूटरमध्ये मोजताना काडी नुसती टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही. फिरवून बसवली तर ती जास्त खोल जाते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. काही गाड्यांत मात्र पूर्ण बसवूनच मोजायचं असतं. तुमच्या गाडीचं काय, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ही पुस्तिका बहुतेक घरांत आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर पुरुषांच्या कपाटात असते. घरी गेल्यावर आधी ती शोधा.

काडीवरचं तेल नुसतं मोजू नका, बघाही. काळं झालं म्हणजे लगेच वाईट झालं असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण दुधाच्या कॉफीसारखं फेसाळ, पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर हे हमखास बघा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारायचा नसतो, आधी तेल बघायचं असतं. आणि बोटांत तेल चोळल्यावर चमचमणारा धातूचा चुरा दिसला, तर मात्र गाडी जाणकाराकडे न्या.

आता जुनं काढू. इंजिन कोमट आहे. चांगलं तापलेलं नको, हात भाजेल. अगदी थंडही नको, घट्ट तेल तळाशी राहून जाईल. हातमोजे घाला. वापरलेल्या इंजिन तेलात जळणातून आलेली घातक रसायनं असतात. वर्षानुवर्षं ती कातडीला लागत राहिली तर कॅन्सरचा धोका असतो. गॅरेजातली मुलं दिवसभर उघड्या हातांनी हे काम करतात, त्याबद्दलही आपल्या चळवळीनं बोललं पाहिजे.

खाली वाकून बघा. इथे गोंधळ होतो. स्कूटरला तेल काढायचे दोन बोल्ट असतात. एक इंजिनाचा, दुसरा मागच्या चाकाजवळ, तो गिअर ऑइलचा. गिअरचं तेल वेगळं असतं आणि ते फार थोडं असतं. घाईत ते काढून टाकलं आणि इंजिनात दुप्पट तेल भरलं, तर दोन्हीकडून नुकसान. म्हणून पुस्तिकेतलं चित्र बघा आणि मगच पाना लावा.

रिंग पाना घ्या, त्यानं बोल्टचे कोपरे झिजत नाहीत. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा. शेवटचे आटे हातानं सोडवा आणि हात पटकन बाजूला घ्या. वरची टोपी उघडी ठेवलीत तर हवा आत जाऊन तेल भराभर येतं. पाच-दहा मिनिटं निथळू द्या. बरणीतलं तेल संपताना आपण ती पालथी घालून ठेवतो, तसंच.

बोल्टखाली ही धातूची चकती आहे, तिला वायसर म्हणतात. ती दबून बसलेली असते, म्हणून नवी घाला. काही रुपयांची वस्तू, पण ती नसेल तर गळती. बोल्ट आधी बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका बसलाय, काढून परत लावा. मग पान्यानं घट्ट करा, पण अंगातलं सगळं बळ लावू नका. बोल्ट पोलादाचा आहे आणि इंजिनाचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं. आटे गेले की खर्च वाढला. "बायकांच्या हातात जोर नसतो" म्हणणाऱ्यांना सांगा, इथे जास्तीचा जोरच गाडी बिघडवतो.

आता नवं तेल. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचू. "१०डब्ल्यू-३०" हा तेलाच्या पातळ-जाडपणाचा अंक आहे. खाली "एमबी" लिहिलंय. हे बिनगिअरच्या स्कूटरचं तेल. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, तिला "एमए" लागतं. मोटरसायकलमध्ये एमबी घातलं तर क्लच घसरू शकतो. दुकानदार "सगळं सारखंच" म्हणाला तरी पुस्तिकेत असेल तेच मागा.

किती घालायचं? पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात. या अ‍ॅक्टिव्हाला तेल बदलताना ०.७ लिटर आणि इंजिन पूर्ण खोलल्यावर ०.८ लिटर. तेल काढलं तरी थोडं आत चिकटून राहतं, म्हणून हा फरक. आपण पहिला आकडा धरायचा. मॉडेलप्रमाणे तो बदलतो. नरसाळं लावा आणि सातशेऐवजी आधी सहाशे मिलिलिटर घाला. दोन मिनिटं थांबून काडी बघा. मग थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या जरा खाली थांबा. टोपी लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवा, तेल सगळ्या वाटांनी फिरू द्या. बंद करा, थांबा, परत काडी बघा. पातळी थोडी उतरलेली दिसेल. लागलं तर चमचा-दोन चमचे घाला. खाली बोल्टपाशी बोट फिरवून बघा, कोरडं आहे ना?

कमी तेल वाईट हे सगळ्यांना कळतं. भाग झिजतात, इंजिन जाम होतं. पण जास्त तेलही वाईट. आत फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, फेसाला पकड नसते. दाब वाढून सील गळू लागतात, एअर फिल्टरमध्ये तेल जातं, धूर होतो. "बाटलीत उरलंय तर टाकून देऊ सगळं," असं कुणी म्हणालं तर म्हणू देऊ नका. खूण सांगेल तेवढंच.

उरलेलं तेल तुमचं आहे. गाडी गॅरेजात दिली असेल तरीही. बाटली एक लिटरची आणि गाडीत गेलं सातशे, तर उरलेले तीनशे गेले कुठे, हे विचारायला लाजू नका. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा, बिल मागा, निघण्याआधी स्वतः काडी काढून बघा. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ पासून आहे, त्याजागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू झाला. पण कायद्यापर्यंत जायची वेळ बहुधा येत नाही. गिऱ्हाईक बाईला काडी वाचता येते, हे दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो. चांगला मेकॅनिक तर खूशच होतो, दोन गोष्टी जास्त सांगतो.

आता घमेल्यातलं हे काळं तेल. गटारात नाही, मातीत नाही, चुलीतही नाही. थोडंसं तेलही पाण्यावर केवढा तवंग धरतं ते आपण बघितलंय. आणि गटाराच्या शेवटी कुणाची तरी वस्ती आणि कुणाची तरी विहीर असते. कायद्यानं वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून प्रक्रियेला पाठवायची जबाबदारी आली आहे. रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी-रॉकेल मिसळू नका, वर "जळकं तेल" असं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रियावाल्याला तेल देणाऱ्या गॅरेजात ते नेऊन द्या.

जाता जाता दोन-तीन नावं सांगते. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवायला घेतली. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि पुढे इंजिन चालवत निवृत्तीपर्यंत गेल्या. आणि उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात, नव्वदच्या दशकात, महिला समाख्येच्या कामातून गरीब, बऱ्याचशा दलित बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. ज्या पंपाला हात लावला तर विटाळ मानला जायचा, तोच पंप नादुरुस्त झाल्यावर त्यांना बोलावणं येऊ लागलं. पाना हातात असणं म्हणजे काय, ते या उदाहरणात मला फार स्वच्छ दिसतं.

आता विजेच्या स्कूटर आल्या आहेत. त्यांना इंजिन नाही, इंजिन ऑइलही नाही. मग हे शिकून फुकट का? त्यांची बॅटरी किती उरली, किती झिजली, बदलायची गरज खरंच आहे का, हे प्रश्न उभे राहणारच आहेत. आणि तेव्हाही कुणीतरी म्हणेल, "ताई, तुम्हाला नाही कळायचं ते." आज काडी वाचायची सवय लागली, तर उद्या तिथेही आपण म्हणू, "दाखवा, मी बघते."

आता एक काम देते. प्रत्येक गटानं एक वही घालावी. गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, किती तेल घातलं, काडीवर काय दिसलं, एवढे पाच रकाने. गटात मिळून एक रिंग पाना, एक नरसाळं, एक घमेलं ठेवावं, प्रत्येकीनं वेगळं घ्यायची गरज नाही. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला तेलाचा आकडा लिहून आणा.

चला, बोलणं पुरे. पहिला पाना कोण धरतंय?